हिवतापाविरुद्धची प्रतिपिंडे कशी मोजावीत: पाड्यावरच्या रक्ताच्या ठिपक्यापासून एलायझा प्लेटपर्यंत

एखाद्याच्या रक्तात हिवतापाच्या परजीवीविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सापडली, म्हणजे त्याला आता हिवताप होणार नाही, असा अर्थ नव्या विद्यार्थ्यांकडून हटकून काढला जातो. तो चुकीचा आहे. प्रतिपिंडे सापडली म्हणजे त्या शरीराची परजीवीशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच नक्की. ती प्रतिपिंडे परजीवीला अडवतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची चाचणीही वेगळी. पेशी काय करतात, हा तिसरा प्रश्न. कुठला प्रश्न विचारायचा ते आधी ठरवा. पद्धत त्यावरून ठरते.

प्रतिपिंडांना महत्त्व का, याचा जुना आणि भक्कम पुरावा १९६१ चा आहे. कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गॅम्बियातल्या प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन (रक्तद्रवातला प्रतिपिंडे असलेला भाग) वेगळे काढून आजारी मुलांना टोचले आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. मात्र त्या मिश्रणातली नेमकी कुठली प्रतिपिंडे काम करतात, याचे एकच उत्तर अजून कोणाच्या हाती नाही. म्हणून खाली जे आहे ते मुख्यतः पहिल्या प्रश्नासाठी, म्हणजे एलायझासाठी आहे: प्लेटला चिकटवलेल्या परजीवीच्या प्रथिनाला किती प्रतिपिंडे धरतात, हे रंगावरून मोजणारी ही चाचणी. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयात साधा प्लेट रीडर (प्लेटवरचा रंग मोजणारे यंत्र), फ्रीज, उणे २० अंशांचा फ्रीझर आणि प्रथिने ठेवायला उणे ८० अंशांचा फ्रीझर असेल, तर हे काम होते. परजीवी वाढवण्याचे सामान आधी विकत घेऊन ठेवू नका. एलायझात दोन वेगवेगळ्या दिवशी तोच नमुना तेच उत्तर देऊ लागला, की मग पुढचे बघा.

रक्त घेण्याआधी

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवीच. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची हरकत नाही ना, हेही विचारावे लागते. आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. सातपुड्याच्या पाड्यांवर मराठीत छापलेला फॉर्म वाचून दाखवण्यात अर्थ नाही; भिली किंवा पावरी बोलणारी आशा ताई सोबत हवी, आणि तिला आधी नीट समजलेले हवे.

ज्याला ताप आहे त्याची आधी रॅपिड टेस्ट आणि काचपट्टी करा, उपचाराला पाठवा, आणि मगच संशोधनाचा ठिपका घ्या. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

कधी जायचे, हे इथे फार महत्त्वाचे. अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा, शिरपूरकडची बरीच कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. डिसेंबरात गेलात तर पाड्यावर म्हातारी माणसे आणि लहान पोरेच भेटतील, आणि वयानुसार काढलेला आलेख तिथेच बिघडेल. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात एक फेरी आणि होळीच्या आसपास दुसरी, अशी आखणी बरी. प्रत्येकाला गेल्या वर्षभरात कुठे कुठे राहिलात हे विचारा. सुरतेकडे लागलेला हिवताप धडगावच्या नावावर टाकणे ही या भागातल्या सर्वेक्षणांत सहज होण्यासारखी चूक आहे.

प्रश्नावलीत आणखी चार गोष्टी असाव्यात: वय, गेल्या महिन्यात घेतलेली औषधे, मच्छरदाणी, आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे का. शेवटची गोष्ट विसरू नका. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचे जनुक आढळते, आणि एकच जनुक असलेल्या माणसाला फाल्सिपेरमचा (हिवतापाच्या परजीवीची सर्वांत घातक जात) गंभीर हिवताप होण्याची शक्यता बरीच कमी असते. असा माणूस आजारी पडला नाही, तर श्रेय प्रतिपिंडांना जाते की हिमोग्लोबिनला, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. तपासणी केलीत तर निकाल त्या माणसापर्यंत पोचवणेही तुमचेच काम.

गाळणकागदावरचा ठिपका

शिरेतून रक्त घेऊन सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा, प्रतिपिंडे असलेला द्रव) काढणे उत्तम, पण पाड्यावर सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून थर वेगळे करणारे यंत्र) नसतो. बोट टोचून गाळणकागदावर ठिपका घेणे एलायझासाठी पुरेसे आहे. व्हॉटमन ९०३ कागद घ्या. त्यावर छापलेले वर्तुळ पूर्ण भरायला साधारण ५० ते ७५ मायक्रोलीटर रक्त लागते.

बोट स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्या. ओल्या बोटावर टोचले की रक्त पसरते आणि पातळही होते. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाका. दुसरा मोठा थेंब कागदाला एकदाच टेकवा आणि रक्त मागच्या बाजूपर्यंत झिरपले का, ते उलटून बघा. ठिपका छोटा झाला म्हणून त्यावर दुसरा थेंब टाकायचा मोह होतो, टाकू नका. दोनदा थेंब पडलेल्या जागी रक्ताची मात्रा दुप्पट होते आणि तिथून पंच केलेली चकती खोटा जास्त आकडा देते. छोटा ठिपका सोडून शेजारचे वर्तुळ वापरा.

वाळवणे हा या कामाचा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा आहे. कागद आडवा, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा, सावलीत ठेवा. किमान चार तास, पावसाळी हवेत रात्रभर. उन्हात ठेवू नका आणि एप्रिल-मेमध्ये बंद जीपच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. बाहेर ४४-४५ अंश असताना गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि अशा उष्णतेने प्रतिपिंडांची रचना बिघडते. मुंग्या आणि माशा वाळते रक्त खातात, म्हणून जाळीखाली किंवा टांगून ठेवा. वाळलेला ठिपका गडद तपकिरी दिसतो. लालसर चमक असेल तर अजून ओल आहे.

वाळल्यावर प्रत्येक कागद वेगळ्या झिपच्या पिशवीत, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची दोन पुड्या. निळी जेल गुलाबी झाली की बदला. (नारिंगी जेल असेल तर ती हिरवी होते.) परत आल्यावर उणे २० अंशांत. जुलै-ऑगस्टात तोरणमाळच्या बाजूला हवेत इतकी ओल असते की पिशवी नीट न लावलेला कागद आठवड्याभरात बुरशी धरतो. त्या कागदातून काही मोजण्यात अर्थ राहत नाही. नमुना रद्द करा आणि तसे नोंदवा.

ठिपक्यातून रक्तद्रव उतरवणे

तीन मिलीमीटरच्या पंचने एक चकती काढा, ठिपक्याच्या मध्याकडून. तिच्यात साधारण दीड मायक्रोलीटर सीरम असते. ती १५० मायक्रोलीटर पीबीएस-ट्वीनमध्ये (क्षारांचे धुण्याचे द्रावण, कृती खाली आहे) टाकली की सुमारे १:१०० पातळ द्रावण मिळते. चार अंशांवर रात्रभर, शक्य तर हळू हलवत ठेवा. दोन नमुन्यांमध्ये पंच कोऱ्या कागदावर दोन-तीनदा मारून साफ करा.

सकाळी चकती फिकट झालेली असावी. गडदच राहिली तर कागद खूप जुना झाला होता किंवा उष्णता लागली होती. हिमोग्लोबिन घट्ट बसले म्हणजे बहुधा प्रतिपिंडेही नीट उतरली नाहीत. असे नमुने वेगळे काढा. आणखी एक अडचण रक्तक्षयाची. हिमॅटोक्रिट (रक्तातला पेशींचा वाटा) ४५ टक्के असलेल्याच्या रक्तात ५५ टक्के द्रव असतो, ३० टक्के असलेल्याच्या रक्तात ७०. त्यामुळे फिक्या रक्ताच्या माणसाचा आकडा काही अंशी फुगू शकतो. जिथे रक्तक्षय सर्रास आहे तिथे हिमोग्लोबिन मोजून ठेवले तर नंतर हिशेब करता येतो.

कुठला प्रतिजन घ्यायचा

प्रतिजन म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात ते परजीवीचे प्रथिन. फाल्सिपेरमसाठी सुरुवातीला एएमए-१ आणि एमएसपी-१ (तांबड्या पेशीत शिरणाऱ्या परजीवीवरची दोन प्रथिने) चा १९ किलोडाल्टनचा तुकडा, व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीसाठी त्याच्याच एमएसपी-१ चा १९ चा तुकडा, एवढे पुरे. एएमए-१ विरुद्धची प्रतिपिंडे थोड्याच संसर्गांनी तयार होतात आणि बराच काळ टिकतात, त्यामुळे कमी हिवताप असलेल्या भागात ती उपयोगी, पण 'अलीकडे' संसर्ग झाला का हे त्यांच्यावरून कळत नाही. सीएसपी म्हणजे डासाने सोडलेल्या स्पोरोझॉइटवरचे (परजीवीचे शरीरात पहिल्यांदा शिरणारे रूप) प्रथिन. आरटीएस,एस आणि पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर२१ या हिवतापाच्या दोन्ही लसींचे लक्ष्य तेच.

एएमए-१ आणि एमएसपी-१ चा तुकडा दोन्ही डायसल्फाइड बंधांनी घडी पडलेले आहेत. त्यांना उकळू नका, डीटीटी किंवा मर्काप्टोइथॅनॉल (हे बंध तोडणारी रसायने) लागू देऊ नका. घडी मोडली की बहुतेक प्रतिपिंडे चिकटत नाहीत. प्रथिनाला जीएसटीचे (शुद्ध करणे सोपे जावे म्हणून जोडलेले दुसरे प्रथिन) शेपूट असेल, तर नुसत्या जीएसटीची वेगळी खाणीही (९६ खड्ड्यांच्या प्लेटमधला एक खड्डा) लावा आणि तिचे वाचन वजा करा. प्रथिन आल्या आल्या १० मायक्रोलीटरच्या छोट्या भागांत विभागून उणे ८० अंशांत ठेवा. भारनियमनात फ्रीझर वितळून पुन्हा गोठला तर ते प्रथिन गेले असे समजा. फ्रीझरच्या तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र प्रथिनापेक्षा स्वस्त पडते.

एलायझा, टप्प्याटप्प्याने

कोटिंगचे द्रावण: एक लीटर उर्ध्वपातित पाण्यात सोडियम कार्बोनेट १.५९ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट २.९३ ग्रॅम, पीएच ९.६. पीबीएस: सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, डायसोडियम फॉस्फेट १.४४, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४, एक लीटरमध्ये, पीएच ७.४. धुण्यासाठी त्यात लीटरमागे अर्धा मिलीलीटर ट्वीन २०. बोअरचे पाणी कुठेही वापरू नका, धुण्यालासुद्धा नाही.

१. प्रतिजन कोटिंगच्या द्रावणात ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर करा. एका प्लेटला ११ मिलीलीटर लागेल, म्हणजे साडेपाच मायक्रोग्रॅम प्रथिन. प्रत्येक खाणीत १०० मायक्रोलीटर, प्लेट झाकून चार अंशांवर रात्रभर. प्लेट जास्त बांधणी क्षमतेची घ्या; साधी कल्चरची प्लेट चालणार नाही.

२. तीनदा धुवा. शेवटी प्लेट उलटी करून टिपकागदावर जोरात आपटा.

३. पाच टक्के स्किम्ड मिल्क पावडर पीबीएस-ट्वीनमध्ये, २०० मायक्रोलीटर, एक तास. दुकानातली साखर घातलेली दूध पावडर नको.

४. पुन्हा तीनदा धुवा. नमुना १:१००० करा: १:१०० च्या द्रावणातले २५ मायक्रोलीटर अधिक २२५ मायक्रोलीटर दुधाचे द्रावण. त्यातले प्रत्येकी १०० मायक्रोलीटर दोन खाण्यांत. दोन तास.

५. पाचदा धुवा. कॉन्जुगेट, म्हणजे एचआरपी (रंग आणणारे विकर) जोडलेले, मानवी आयजीजीविरोधी (आयजीजी हा रक्तातला मुख्य प्रतिपिंड प्रकार) प्रतिपिंड, १०० मायक्रोलीटर, एक तास. किती पातळ करायचे ते बाटलीवरून ठरवू नका. बाटली उघडली की एकदा उभ्या-आडव्या पातळ्यांची तपासणी (प्लेटवर एका दिशेने नमुना आणि दुसऱ्या दिशेने कॉन्जुगेट पातळ करत नेणे) करा आणि सकारात्मक व नकारात्मक नमुन्यातले अंतर सर्वांत जास्त असलेली पातळी निवडा.

६. पाचदा धुवा. टीएमबी (एचआरपीमुळे निळे होणारे रसायन) १०० मायक्रोलीटर, अंधारात १० ते १५ मिनिटे. मग एक मोलर सल्फ्युरिक आम्ल ५० मायक्रोलीटर. निळा रंग पिवळा होतो. पंधरा मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरवर वाचा.

प्लेटची मांडणी एकच ठेवा आणि तीत कधी बदल करू नका. पहिले दोन स्तंभ प्रमाण वक्राला (ज्याच्याशी बाकीचे नमुने ताडायचे ती रेषा): खूप प्रतिपिंडे असलेल्या लोकांचे एकत्र केलेले सीरम, तिप्पट-तिप्पट पातळ करत आठ पायऱ्या, जोडीने. तिसरा स्तंभ: दोन नकारात्मक नमुने जोडीने, एक सकारात्मक जोडीने, आणि दोन रिकाम्या खाण्या. उरलेल्या ७२ खाण्यांत ३६ नमुने. फाल्सिपेरमसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे १०/१९८ हे संदर्भ सीरम उपलब्ध आहे. तुमचे एकत्र केलेले सीरम त्याच्याशी एकदा ताडून ठेवलेत, तर तुमचे आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी बोलू शकतात.

पद्धतीत 'खोलीच्या तापमानाला' असे लिहिलेले असते ते २० ते २५ अंश समजून. भुसावळात मे महिन्यात एसी बंद पडलेली खोली ३८ अंशांवर असते. तिथे दोन तासांत कडेच्या खाण्यांतले पाणी उडते आणि कडेचे वाचन फुगते. प्लेटला चिकटपट्टीचे झाकण लावा, प्लेटी एकावर एक रचू नका, आणि फ्रीजमधून काढलेली सगळी द्रावणे आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

बिघाड कुठे झाला, हे प्लेट पाहूनच बरेचदा कळते. सगळीकडे रंग आला, रिकाम्या खाण्यांतही, तर कॉन्जुगेट फार दाट झाले किंवा धुणे कमी पडले. कुठेच रंग नाही, तर द्रावणात सोडियम अझाइड आहे का बघा. बुरशी येऊ नये म्हणून घातलेले अझाइड एचआरपीला बंद पाडते. डावीकडून उजवीकडे रंग चढत किंवा उतरत गेला, तर टीएमबी किंवा आम्ल टाकायला वेळ लागला. बहुनळी पिपेट वापरा आणि आम्ल टीएमबीच्याच क्रमाने, त्याच गतीने टाका. जोडीतल्या दोन खाण्यांत दीडपटीहून जास्त फरक असेल तर तो नमुना पुन्हा लावा. सरासरी काढून पुढे जाऊ नका.

आकड्याचा अर्थ

नुसते ऑप्टिकल डेन्सिटीचे (प्लेट रीडरने मोजलेल्या रंगाच्या गडदपणाचे) आकडे एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटला तुलनेसाठी वापरता येत नाहीत. प्रमाण वक्राला चार घटकांचे लॉजिस्टिक समीकरण (इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा देणारे) बसवा आणि प्रत्येक नमुना त्यावरून एककांत बदला. वक्राच्या वरच्या सपाट भागात पडणारे नमुने आणखी पातळ करून पुन्हा लावावे लागतात.

सकारात्मक कोणाला म्हणायचे? हिवताप कधीच न झालेल्या लोकांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने, ही नेहमीची रेषा. अडचण अशी की असे लोक जळगावच्या रक्तपेढीत मिळत नाहीत. तिथला दाता लहानपणी तापाने फणफणला होता की नाही, ते त्यालाही आठवत नाही. हिवताप नसलेल्या देशातले सीरम मिळवा. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या नमुन्यांच्या वितरणातून दोन टेकड्या वेगळ्या काढणारे मिश्र प्रारूप. पण सकारात्मक लोक फारच थोडे असतील तर दुसरी टेकडी दिसतच नाही, आणि तेव्हा संगणक जी रेषा देतो तिच्यावर विसंबू नये.

मग वयानुसार सकारात्मकांचे प्रमाण काढा. हा आलेख या सगळ्या खटाटोपाचे फळ आहे. तो वयाबरोबर सलग चढत गेला तर प्रसार बरीच वर्षे सारखा आहे. चढ जितका तीव्र तितका प्रसार जास्त. दहा वर्षांखालची मुले जवळपास कोरी आणि त्यावरचे बरेच सकारात्मक, असा मध्येच जिना दिसला, तर साधारण दहा वर्षांपूर्वी प्रसार एकदम घटला असावा. फक्त चार-पाच वर्षांच्या मुलांचे नमुने घेऊन हा जिना कधीच दिसत नाही.

प्रतिपिंडे परजीवीला अडवतात का

त्यासाठी वाढ-रोध चाचणी. तिच्यासाठी फाल्सिपेरम बाटलीत वाढवता आला पाहिजे. ते १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सेन यांनी जमवले: आरपीएमआय १६४० माध्यम, मानवी तांबड्या पेशी, ३७ अंश आणि कमी ऑक्सिजन. आजही ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ९० टक्के नायट्रोजन हेच मिश्रण चालते. वायूची टाकी नसेल तर हवाबंद भांड्यात मेणबत्ती जाळून ती विझू देण्याची त्यांची पद्धतही चालते. व्हायवॅक्स असा सतत वाढवता येत नाही, त्याला अगदी कोवळ्या तांबड्या पेशी लागतात. इथल्या रुग्णांमध्ये व्हायवॅक्सही असतोच, ही मोठी मर्यादा आहे.

तांबड्या पेशींसाठी ओ पॉझिटिव्ह दाता निवडताना खानदेशात सिकलसेल आणि जी-६-पीडी (तांबड्या पेशीतले एक विकर, काहींमध्ये ते कमी असते) दोन्ही तपासा. दात्याने अलीकडे डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन घेतले असेल तर ते रक्त नको. ही औषधे परजीवीला पुढच्या चक्रात मारतात, त्यामुळे पहिले दोन दिवस सगळे ठीक दिसते आणि मग वाढ गूढपणे थांबते.

चाचणीत परजीवी एकाच वयाचे हवेत. पाच टक्के सॉर्बिटॉलने मोठे परजीवी फुटतात आणि अंगठीसारखे कोवळे उरतात. ते मोठे होऊ द्या. मग त्यांना नमुन्यातल्या आयजीजीसोबत सुमारे ४० तास, म्हणजे एक चक्र, वाढू द्या आणि परजीवीचे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज (त्याचे एक विकर, ते जितके जास्त तितके परजीवी जास्त) मोजा. रोधाची टक्केवारी = १०० × [१ − (नमुना − कोऱ्या पेशी) ÷ (आयजीजीविना परजीवी − कोऱ्या पेशी)]; कोऱ्या पेशी म्हणजे परजीवी नसलेल्या तांबड्या पेशींचे वाचन.

इथे ठिपका चालत नाही, शिरेतले रक्त लागते. आणि सीरम थेट टाकू नका, आयजीजी शुद्ध करूनच टाका. रुग्णाने क्लोरोक्विन घेतले असेल तर सीरममधले औषधच परजीवी मारते आणि तुम्ही त्याला प्रतिकारशक्ती समजता. परजीवी बाटलीत वाढवलेला असला तरी सुईच्या टोचणीने हिवताप देऊ शकतो. हातमोजे, जैवसुरक्षा कपाट, आणि टोचणी झाल्यास कोणत्या डॉक्टरला फोन करायचा ते भिंतीवर लिहिलेले, एवढे आधी.

पेशींचा प्रश्न

टी-पेशींसाठी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारे औषध) नळीत रक्त घ्या आणि आठ तासांच्या आत १.०७७ घनतेच्या फिकॉलवर (पेशींचे थर वेगळे करणारे दाट द्रावण) पेशी वेगळ्या करा. धडगावहून धुळ्यापर्यंत रस्त्याचा वेळ धरून पहाटेच रक्त घ्यावे लागते. नळ्या बर्फावर ठेवू नका: थंड रक्तात ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी थरात मिसळतात आणि पुढचे सगळे वाचन घाण होते. १८ ते २५ अंश राखणारी पेटी हवी; उन्हाळ्यात त्यासाठी त्या तापमानाला आणलेल्या पाण्याच्या पिशव्या पेटीत ठेवतात. साठवायच्या असतील तर १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणारे द्रव), मिनिटाला एक अंश या गतीने गोठवून मग द्रव नायट्रोजनमध्ये. नायट्रोजन दर आठवड्याला भरून देणारा पुरवठादार जवळपास नसेल, तर पेशींचे काम हाती घेऊ नका आणि गोळा केलेले ठिपकेच नीट मोजा.